वारीत कामाला आलेल्या नोकऱ्या

सोलापुरातून तिऱ्हे, कामती, माचणूर करत मंगळवेढा साधारण 55 किलोमीटर. तिथून पंढरपूर हा शेवटचा लांब टप्पा. आमच्या दिंडीत साठेक माणसं, बहुतेक निवृत्त. एकाच ठिकाणी जन्म काढलेलं त्यात क्वचितच कुणी. गिरणी, यंत्रमाग, एसटीचं वर्कशॉप, साखर कारखान्याचा हंगाम, किराणा दुकान, अशी चार-पाच कामं प्रत्येकाच्या मागे. सोलापूरच्या माणसाचं ते साहजिकच आहे. 1877 ची जुनी गिरणीसुद्धा बंद पडली, तेव्हा दुसरं काम शोधावंच लागलं. निवृत्त झाल्यावर हीच माणसं म्हणतात, एक धंदा धड केला नाही. मला ते पटत नाही, कारण वारीच्या वाटेवर तेच धंदे आम्हाला पोचवतात.

सामानाचा ट्रक भरताना वर्कशॉपमधली माणसं पुढे होतात. मागच्या जोडचाकांत आतल्या टायरची हवा कमी असली तरी डोळ्यांना कळत नाही. सगळा बोजा बाहेरचा टायर उचलतो, तापतो आणि भर उन्हात फुटतो. म्हणून दोन्ही टायरवर पहारीने ठोकून बघायचं. हवा असेल तर पहार उसळते, नसेल तर आवाज बद्द येतो. दोन टायरच्या मध्ये अडकलेला दगडही तेव्हाच काढायचा. ज्वारीची पोती आणि सिलिंडर पुढे, केबिनच्या बाजूला. तंबू सगळ्यात शेवटी चढवायचे, कारण मुक्कामाला पहिले तेच लागतात.

तंबू उभारणं गिरणीवाल्यांकडे. आपल्या काळ्या रानात फूटभर खुंटी उपयोगाची नाही, पाऊस झाला की लोण्यातून सुरी निघावी तशी निघते. दीड-दोन फुटी लोखंडी खुंटी, डोकं तंबूपासून लांब झुकवून ठोकलेली हवी. सुती दोर ओला झाला की आखडतो आणि रात्रीत खुंट्या उपसतो, म्हणून झोपण्याआधी ताण थोडा सैल ठेवायचा. नायलॉनचा दोर आखडत नाही, पण साधी गाठ त्यावर घसरते. त्याला सरकती गाठ मारावी. टोक खुंटीभोवती फिरवून आणायचं, ताणलेल्या दोरीभोवती आतल्या बाजूने दोन वेढे, मग त्यांच्या वर बाहेरून एक, आणि आवळायचं. गाठ हाताने सरकते, ताणाने सरकत नाही. तुटलेला धागा जोडण्यात वर्षं गेलेली बोटं ही गाठ अंधारातही मारतात.

पांघरायला घरची चादर सगळेच आणतात. जाड सुती चादर भिजली की वजन जवळजवळ दुप्पट होतं आणि ढगाळ हवेत दोन दिवस वाळत नाही. खताच्या प्लॅस्टिक पिशवीत तोंड बांधून ठेवली तरच ती कामाची.

भाकरीचा हिशेब किराणावाल्याचा. किलोभर पिठात आठ-दहा भाकरी होतात. साठ माणसांना दोन-दोन म्हणजे एका वेळेला 12 ते 15 किलो पीठ. पण पूर्ण वारीचं पीठ सोलापुरातूनच दळून आणायचं नाही. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जातो, भाकरी थापताना कडेने चिरते, मग बायका उकळतं पाणी घालून कशीबशी निभावतात. ज्वारीच बरोबर घ्यावी आणि दोन दिवसांआड वाटेतल्या गिरणीत दळावी. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीची भाकरी तर भूक नसलेल्यालाही जेवायला बसवते.

पायाच्या फोडाबाबत मात्र एक जुनी सवय सोडायला हवी. फोडातून सुई-दोरा ओवून दोरा आतच ठेवतात. पाणी निथळतं खरं, पण त्याच दोऱ्यावरून धूळ आत जाते आणि पाय पिकतो. फोड लहान असेल तर फोडूच नये, स्वच्छ पट्टी लावावी. निघण्याआधी बोटांच्या बेचक्यांत व्हॅसलीन चोळलं तर बहुतेक फोड येतच नाहीत. साखरेचा आजार असलेल्याने स्वतः काही न करता डॉक्टरला दाखवावं.

कामतीच्या मुक्कामाला हरिपाठ झाला की बोलणं पेन्शनवर येतं. अनेक नोकऱ्या केलेल्यांचं इथंच फार नुकसान झालं, आणि ते ऐकताना जीव तुटतो. ईपीएस, म्हणजे पीएफबरोबरच्या कर्मचारी पेन्शन योजनेच्या पेन्शनला एकूण 10 वर्षांची सेवा लागते. ती एकाच ठिकाणी झालेली असावी असं नाही. काम सोडताना 10-सी फॉर्मवर पैसे न काढता स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे झालेल्या सेवेचा दाखला, मागितलं, तर मागची वर्षं पुढच्या नोकरीत जोडली जातात. पुष्कळांनी दर वेळी पैसे उचलले आणि त्यांची वर्षं पुन्हा शून्यापासून सुरू झाली. किमान पेन्शन महिना 1000 रुपयेच आहे, त्यांना तीही मिळत नाही. दिंडीत कुणाचा मुलगा नोकरी बदलणार असेल, तर त्याला हे आधी सांगतो.

पंढरपुरात चंद्रभागेचं स्नान झालं, कळसाचं दर्शन झालं, की आधी दोर सोडून उन्हात पसरायचे. ओले गुंडाळले तर बुरशी धरते आणि पुढच्या वारीला हातात तुटतात. तंबूच्या घड्याही उन्हं उतरायच्या आत घालायच्या.