मिक्सरला काहीच जोडलेलं नाही, मग आवाज येतो कुठून?

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते. टेबलावर एक छोटा साउंड मिक्सर (अनेक आवाज एकत्र करणारं यंत्र), आवाज बदलणारी एखाद-दोन पेडल आणि वायरींचा गुंता. माइक नाही, कीबोर्ड नाही, लॅपटॉपही नाही. तरी स्पीकरमधून शिट्टी येते, घरघर येते, मधेच ताल धरल्यासारखे ठोके पडायला लागतात. सांगलीत नॉइज, म्हणजे अशा शिट्ट्या-घरघरीचंच संगीत, वाजवणाऱ्याला ‘याला संगीत म्हणायचं का?’ हेही विचारतात, पण ‘आवाज येतो कुठून?’ हा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो, कारण त्याला नेमकं उत्तर आहे.

आवाज मिक्सरमध्येच असतो. कुठलाही रेझिस्टर, नुसत्या खोलीच्या उष्णतेने, स्वतःहून एक बारीक विद्युत खळबळ करत असतो. अमेरिकेत बेल लॅब्समध्ये जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी १९२८ साली ती मोजून तिचं गणित मांडलं. १० किलोओहमच्या रेझिस्टरमध्ये, आपल्याला ऐकू येणाऱ्या पट्ट्यापुरती ती सुमारे १.८ मायक्रोव्होल्ट भरते. साउंडवाले तिला हिस म्हणतात आणि दाबतात. आपण तीच हिस मिक्सरमधून बाहेर काढून पुन्हा त्याच्याच इनपुटला देतो. एका फेरीत ती जराशी जरी वाढली तरी पुढच्या फेरीत आणखी वाढते, आणि डोळ्याचं पातं लवेपर्यंत मायक्रोव्होल्टचे व्होल्ट होतात. त्यासाठी अटी दोनच. फेरी पुरी करून आलेला सिग्नल निघताना होता त्याहून कमी भरता कामा नये, आणि परत आलेली लाट मूळ लाटेच्या चढउताराशी जुळली पाहिजे. ज्या फ्रीक्वेन्सीला या दोन्ही गोष्टी आधी साधतात, तो सूर लागतो. माइक स्पीकरसमोर गेल्यावर मंगल कार्यालयात जी किंचाळी उठते ती याच कारणाने. फरक इतकाच, की इथे मधे हवा नाही, सगळा प्रवास तारेतून.

ही पद्धत जपानच्या तोशिमारू नाकामुरा यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून नुसत्या मिक्सरवर इतकी खोल नेली, की आता ते स्वतंत्र वाद्यच मानलं जातं. त्याआधीचा एक धागा आपल्या शेजारच्या राज्यातून जातो. अहमदाबादच्या एनआयडीमध्ये (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) १९६९ साली मूग कंपनीचा सिंथेसायझर बसवून इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा करणारे अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर पुढे १९७२ च्या सुमारास बाहेरून कोणताही आवाज न घेता, निव्वळ उपकरणांच्या फीडबॅक-साखळीतून वाजवू लागले. हा प्रकार इकडे काल-परवा आला असं समजणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

आता प्रत्यक्ष. तीन पट्ट्यांचा ईक्यू (ट्रेबल, मिड, बास कमी-जास्त करणारे नॉब) आणि निदान एक एफएक्स किंवा ऑक्स सेंड (सिग्नलची प्रत बाहेर काढणारा जॅक) असलेला कोणताही लहान मिक्सर चालतो. दोन सेंड असतील तर उत्तम. मंडपवाल्यांकडचा, वापरून जुना झालेला घ्यायला हरकत नाही. नॉब खरखरत असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन फवारे मारून प्रत्येक नॉब वीस-पंचवीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा.

सुरुवातीला स्पीकर बंद, सगळे लेव्हल शून्यावर, ईक्यू मध्यावर. दोन्ही टोकांना मोनो पी-३८ (पाव इंची) जॅक असलेली एक आखूड वायर घेऊन एफएक्स सेंडमधून पहिल्या चॅनेलच्या लाइन इनपुटला जोडा. माइकच्या एक्सएलआर इनपुटला नाही, आणि ४८ व्होल्टचा फँटम बटण बंद आहे याची खात्री करून. गेन किमान. आता स्पीकर चालू करून मेन अगदी थोडा उघडा. हेडफोन असेल तर तो कानावर न घालता टेबलावर ठेवा. मग त्या चॅनेलचा एफएक्स नॉब सावकाश वर घ्या. इथे बरेच जण अडकतात. नॉब टोकाला जातो, तरी शांतता. कारण छोट्या मिक्सरवर एफएक्स सेंड बहुधा फेडरच्या, म्हणजे चॅनेलच्या लेव्हलच्या, नंतरचा असतो. चॅनेलचा लेव्हलच शून्यावर असेल तर फेरी पुरी होणार कशी? लेव्हल मधल्या खुणेवर आणा, एफएक्स पुन्हा शून्यावरून सुरू करा. साधारण बाराच्या काट्यापुढे कुठेतरी सूर उठेल.

त्यानंतरचं वाजवणं ईक्यूवर. लहान मिक्सरवर ट्रेबल, मिड आणि बास बहुधा १२ किलोहर्ट्झ, २.५ किलोहर्ट्झ आणि ८० हर्ट्झच्या आसपास धरलेले असतात. मिड चढवला की सूर टोकदार होऊन वर जातो, बास चढवला की खाली घरंगळतो. खरी मजा दोन्ही चढवून एफएक्स उंबरठ्यावर धरण्यात आहे. तेव्हा दोन सूर एकाच फेरीसाठी भांडतात आणि नॉबच्या केसभर हालचालीने हा नाहीतर तो जिंकतो. दुसरा सेंड दुसऱ्या चॅनेलला दिला की दोन फेऱ्या एकमेकींत घुसतात आणि ठोके पडायला लागतात. ताल ठरवून हवा असेल तर फेरीत डिले पेडल (आवाज ठरावीक वेळाने परत देणारं) घाला. २५० मिलिसेकंदांचा डिले म्हणजे सेकंदाला चार ठोके, ५०० चा म्हणजे दोन.

या वाद्याचा एक स्वभाव सुरुवातीलाच समजून घेतला पाहिजे. नॉब त्याच जागी आणले म्हणून तोच आवाज येत नाही. बंद फेरी सुरू व्हायला नॉब जितका उघडावा लागतो, त्याच्या बराच खाली आणेपर्यंत ती कधी कधी चालूच राहते. म्हणजे तुम्ही कोणत्या बाजूने आलात यावर आवाज ठरतो. त्यात उपकरण तापलेलं आहे की नुकतंच चालू केलंय, यानेही फरक पडतो, म्हणून वाजवण्याआधी ते वीस मिनिटं चालू ठेवावं. नॉबच्या जागांचे फोटो काढून ठेवणारे यामुळेच निराश होतात. टिपण हालचालीचं हवं: ‘मिड पूर्ण वर, मग एफएक्स दोनपर्यंत, मग बास हळू सोडत आणणे’ असं. रोज तासभर एकाच फेरीवर, एकच नॉब धरून काम केलं तर दोन-तीन महिन्यांत बोटांना उंबरठा कळू लागतो. हा रियाजच आहे, दुसरा शब्द मला सुचत नाही.

बिघडतं काय, तेही सांगते. ट्रेबल चढवलेला असताना फेरी कधी कधी २० किलोहर्ट्झच्या वर लागते. कानाला काही नाही, पण क्लिपचा (सिग्नल मर्यादेपलीकडे जाऊन कापला जात असल्याचा) लाल दिवा पेटलेला. माणूस गोंधळून मेन वाढवतो आणि ट्वीटर जळतो. लाल दिवा आहे आणि आवाज नाही, तर मेन लगेच खाली, ट्रेबल खाली. दुसरी गोष्ट, क्लिप झालेली लाट चौकोनी होते, आणि तेवढ्याच उंचीच्या साइन लाटेच्या दुप्पट शक्ती स्पीकरमध्ये ओतते. गाण्यात शिखरं येतात-जातात. इथे ती सलग मिनिटभर टिकते. म्हणून मिक्सर आणि अॅम्प्लिफायरच्या मधे लिमिटर (सिग्नलला ठरावीक पातळीपुढे जाऊ न देणारं यंत्र) लागतोच, आणि स्पीकर त्याच्या ताकदीच्या एक-तृतीयांशावर वापरायचा. तिसरी गोष्ट, ५० हर्ट्झची घूं. फेरीत ती अनेक पटींनी वाढते. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावा, लॅपटॉपवर रेकॉर्ड करत असाल तर त्याचा चार्जर काढा. घूं जावी म्हणून प्लगची अर्थिंगची पिन तोडायचा सल्ला कोणीही दिला तरी ऐकू नका. त्यात जीव जातो.

मिक्सरच्या पलीकडचं दुसरं स्वस्त वाद्य म्हणजे कंपनांचा विद्युत सिग्नल करणारी पायझो चकती, बझरमध्ये असते ती २७ मिलिमीटरची. पितळी कड अर्थला, मधला पांढरा भाग सिग्नलला, वायर शील्ड असलेली. डाग देताना सोल्डरिंग आयर्न दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवायचं नाही, नाहीतर मधला रुपेरी मुलामा उचलून येतो. चकती थेट मिक्सरला लावली की आवाज पत्र्यासारखा पातळ येतो, आणि चकती खराब निघाली असं लोकांना वाटतं. चकती खराब नसते. तिची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) साधारण २० नॅनोफॅरड असते. १० किलोओहमच्या लाइन इनपुटला ती ८०० हर्ट्झच्या खालचं सगळं गमावते. १ मेगओहमचं इनपुट दिलं तर हीच मर्यादा ८ हर्ट्झवर जाते.

म्हणून मधे टीएल०७२ या आयसीचा एक बफर, म्हणजे चकतीला ते १ मेगओहमचं इनपुट देणारं सर्किट, बांधायचा. ९ व्होल्टच्या बॅटरीवर १०० किलोओहमचे दोन रेझिस्टर लावून मधला साडेचार व्होल्टचा बिंदू काढा आणि त्याला १० मायक्रोफॅरडने अर्थकडे स्थिर करा. चकती १०० नॅनोफॅरडमधून पिन ३ ला, पिन ३ पासून मधल्या बिंदूला १ मेगओहम. पिन १ आणि २ एकत्र, आणि पिन १ मधून १० मायक्रोफॅरडने बाहेर. पिन ८ ला बॅटरीचा प्लस, पिन ४ ला मायनस (तोच इथला अर्थ). आयसीचा उरलेला अर्धा भाग उघडा सोडू नका. पिन ५ मधल्या बिंदूला, ६ आणि ७ एकमेकांना.

ही चकती घेऊन आपल्या जिल्ह्यात फिरावं. तासगावकडे खरड छाटणी झाली, की द्राक्षबागेच्या मांडवाच्या तारा मोकळ्या होतात. बागाईतदाराला विचारून चकती तारेच्या टोकाशी, खांबाजवळ क्लॅम्पने घट्ट बसवा. अडीच मिलिमीटरच्या तारेवर सेकंदाला ५ मीटरचं वारं असेल तर सूर ४०० हर्ट्झच्या आसपास येतो, वारं दुप्पट झालं की सूरही दुप्पट. पानं फुटल्यावर तार दबते आणि काही मिळत नाही.

आणि मिरज तर दारातच आहे. तिथल्या सतार-तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. जवारी लावणारा कारागीर घोडीचा माथा कानसतो, दोरा सरकवतो, आणि तार घोडीला नेमकी किती घासावी हे कानाने ठरवतो. त्या घासण्यातूनच तानपुऱ्याचे वरचे स्वर उमलतात. नॉइज परकी गोष्ट आहे असं म्हणणाऱ्याने एकदा ते काम जवळ बसून ऐकावं. घोडीच्या पायाशी चकती लावून तानपुरा फेरीत सोडला, तर मिक्सर तारेच्या वरच्या स्वरांपैकी एखादाच उचलून धरतो आणि ईक्यू फिरवला की दुसऱ्यावर जातो. चकती कागदी टेपने लावावी, गोंदाने नाही. पॉलिश निघतं.

कानाबद्दल मी कडक आहे. ८५ डेसिबलला आठ तास, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, हा हिशोब धरा. म्हणजे ९४ ला एक तास, १०० ला पंधरा मिनिटं. वीस मिनिटांचा कार्यक्रम ९४-९५ वर छान होतो. गणपतीतल्या डॉल्बीशी स्पर्धा करण्यात काही हशील नाही. दारात फोमचे इअरप्लग ठेवावेत आणि ऐकणाऱ्यांना ते हातात द्यावेत. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला कायद्यानेच मनाई आहे आणि निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, त्यामुळे घरी रियाज हेडफोनवर, तोही मधे लिमिटर लावूनच.

पैशाचं विचारता, तर नुसत्या नॉइजवर घर चालत नाही. बँडकॅम्प या संगीत विकायच्या वेबसाइटवर अल्बम विकला तर डिजिटल विक्रीतले १५ टक्के ते ठेवतात आणि पैसे पोचेपर्यंत आणखी काही कापले जातात. वीस-तीस कॅसेटची आवृत्ती निघते, खर्च वसूल होतो, तेवढंच. पण १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ज्या सांगलीत ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, तिथे नाटकाला आवाज लागतोच, आणि एकांकिका स्पर्धांच्या हंगामात पार्श्वध्वनीचं काम मिळतं. हे काम मनापासून करावं, त्यात प्रयोगाला जागा असते. फक्त तिथे फेरी जिवंत वाजवायचा हट्ट नको. नटाला प्रत्येक प्रयोगात तोच आवाज त्याच शब्दावर हवा असतो आणि फेरी तो देत नाही. आधी २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करा, शिखरं उणे १२ डेसिबलपर्यंतच ठेवून, कारण सूर उडी मारतो तेव्हा लेव्हलही उडी मारते. प्रत्येक आवाजाच्या १०, ३० आणि ९० सेकंदांच्या प्रती काढून द्या, शेवट हळू विरणारा आणि झटक्यात तुटणारा अशा दोन्ही तऱ्हांनी. तालमीत दिग्दर्शक हमखास दुसरी तऱ्हा मागतो.