सात नंबरचा लंबगोल

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. एकट्या तुम्हीच विचारलंत असंही नाही. मावसभावाच्या लग्नात पंगतीत बसल्या बसल्या तिघांनी विचारलं, राहुरीच्या बॅचचे लोक दर दोन महिन्यांनी विचारतात आणि आईची मैत्रीण तर व्हिडिओ कॉलवर, माझी बायको शेजारी बसलेली असताना विचारते: "त्या हुकूमशहाच्या पोराला निवडून दिलं म्हणे तुझ्या सासरच्यांनी? शिकलेली माणसं ना ती? आणि तू तिथं असून काहीच बोलला नाहीस?"

फिलिपिन्सचा हुकूमशहा मार्कोस कोण, त्याचा मार्शल लॉ म्हणजे लष्करी कायदा काय, त्याच्या बायकोचे, इमेल्डाचे बूट किती, हे तुम्हाला माहीत आहे. बुटांबद्दल तर जरा जास्तच माहीत आहे. ते सगळं सोडतो.

बोललो होतो. इतकं बोललो होतो की आता त्या बोलण्याचीच लाज वाटते. पण तिथवर यायला थोडा वेळ द्या.

माझं सासर इलोकोस नॉर्ते प्रांतातलं, डिंग्रासच्या बाजूचं, भाताच्या पट्ट्यातलं. मी भातावरच काम करतो, म्हणून लोस बान्योसला आलो आणि इथलाच झालो. बायकोचं विद्यापीठ बाटाकचं. त्याला नाव मारियानो मार्कोसचं, म्हणजे हुकूमशहाच्या वडिलांचं. नानांगचं, म्हणजे सासूबाईंचं, ऑपरेशन झालं तो दवाखानाही बाटाकलाच, त्यालाही तेच नाव. आणि शाळेची सहल काढायची ती बाटाकला, काचेच्या पेटीतला मार्कोस बघायला. 1993 मध्ये हवाईहून आणलेलं त्याचं प्रेत 2016 च्या नोव्हेंबरपर्यंत तिथं होतं, मग मनिलात वीरांच्या दफनभूमीत पुरलं. बायको म्हणते, आत गारवा असायचा म्हणून पोरांना ती सहल आवडायची.

आता लगेच "अच्छा, म्हणजे लहानपणापासून डोक्यात भरलेलं" असं म्हणू नका. साखर कारखाना ज्यांचा, दूध संघ त्यांचा, कॉलेज त्यांचं आणि आमदारही त्यांच्याच घरचा, असे तालुके तुम्ही पाहिलेत. किंबहुना त्यातल्याच एकात तुम्ही राहता. तिथल्या म्हाताऱ्यांना कधी विचारलंत का, मत कोणाला आणि का?

मीही तेच म्हणायचो, हे कबूल करतो. 2016 मध्ये लेनी रोब्रेदो बाईंनी उपराष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्या पोराला, बाँगबाँग मार्कोसला, 2,63,473 मतांनी हरवलं, तेव्हा मी सुट्टीवर पुण्यात होतो. मित्राच्या गच्चीवर तासभर व्याख्यान झोडलं. लोक भोळे आहेत, फेसबुकवर येईल ते खरं मानतात, सोन्याच्या गोष्टींवर भुलतात वगैरे. सोन्याची गोष्ट मात्र खरोखरच फिरत होती. तालानो नावाच्या कुठल्याशा राजघराण्याने मार्कोसला टनांनी सोनं दिलंय आणि पोरगा राष्ट्राध्यक्ष झाला की ते जनतेत वाटणार, अशी. बायकोच्या चुलतबहिणीच्या नवऱ्याने मला, मी शिकलेला म्हणून, विचारलं होतं की माणशी साधारण किती येईल. त्या गच्चीवर मी त्याची नक्कल करून दाखवली. सगळे हसले.

पण तातांग, माझे सासरे, फेसबुक बघत नाहीत. त्यांच्याकडे बटणांचा फोन आहे. त्यांच्याकडे 1973 आहे.

त्या साली थोरल्या मार्कोसने 'मासागाना 99' काढलं. हेक्टरी 99 कावान भात पिकवायचं (कावान म्हणजे आपलं पोतं), त्यासाठी नवं बी, खत आणि विनातारण कर्ज. तातांग तेव्हा पंचविशीचे. बँकेचा माणूस बांधावर आला, असं ते सांगतात. बांधावर, चिखलात, बूट हातात घेऊन. मी त्यांना सांगायला गेलो, कारण हा माझ्या अभ्यासाचा विषय, की ती कर्जं वसूलच झाली नाहीत, कितीतरी ग्रामीण बँका त्यापायी बसल्या. ते म्हणाले, "माझंही कर्ज बुडालं. मीच बुडवलं." आणि खूप वेळ हसले.

2022 ला राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचारात धाकट्याने तांदूळ किलोला वीस पेसो करू म्हणून सांगितलं. मी म्हटलं, तातांग, तांदूळ वीसला विकला तर तुमच्या भाताला काय मिळेल, हिशोब करा. ते म्हणाले, "अनाक, ते तो मनिलावाल्यांसाठी बोलतोय." अनाक म्हणजे बाळ. माझं वय तेव्हा एक्केचाळीस.

मग मी 11,103 काढलं. सरकारच्याच मंडळाने, 2013 च्या कायद्याने, मार्शल लॉच्या इतक्या पीडितांचे दावे मान्य केले, आणि भरपाई दिली ती मार्कोसच्या स्विस खात्यांतून परत आलेल्या पैशातून. हे कोणाच्या तोंडचं नाही, सरकारी कागद आहे. तातांगनी ऐकून घेतलं. म्हणाले, "त्या काळी आम्ही दार उघडं टाकून झोपायचो." आता हे वाक्य तुम्हाला ओळखीचं वाटेल. आणीबाणीत गाड्या वेळेवर धावायच्या, हे सांगणारे काका आपल्या प्रत्येकाच्या घरी होते. आणि 77 ला पाडलेल्या बाईंना देशाने 80 ला वाजतगाजत परत आणलं, तेव्हा परदेशातून कोणी फोन करून आपल्या आजोबांना जाब विचारला नाही.

हे बरोबर उत्तर आहे का? नाही. इंदिराबाईंनी निवडणूक घेतली, हरल्या आणि उतरल्या. इथं 1986 ला लोकांना रस्त्यावर उभं राहून घालवावं लागलं. दोन्ही सारखं नाही, मला कळतं. पण तुम्ही पंगतीत विचारता तेव्हा हातात जे येतं ते मी फेकतो.

आता ती रात्र. 8 मे 2022.

तातांगच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. कोविडमुळे ऑपरेशन दोनदा पुढे गेलं होतं. इथली मतपत्रिका हातभर लांब. राष्ट्राध्यक्षपदाचे दहा, सिनेटचे चौसष्ट, शिवाय स्थानिक सगळे, आणि मागची बाजू पक्षयाद्यांनी भरलेली. नावाशेजारचा बारीक लंबगोल पेनने पूर्ण काळा करायचा, मग कागद यंत्रात घालायचा. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी जवळच्या नातेवाइकाने भरायची सोय आहे. दरवेळी हे काम मेव्हणा करायचा, पण तो हवाईला गेलेला. इथल्या दर दुसऱ्या घरातलं कोणी ना कोणी हवाईला असतंच. तेव्हा या वेळी तातांगचं मत माझी बायको भरणार होती. तिचं नाव अजून गावच्याच यादीत आहे, म्हणून आम्ही रात्रभराच्या बसने आलो होतो.

बायको रोब्रेदोंची. ती घरात कोणाला सांगत नव्हती, पण रोब्रेदोंच्या प्रचाराचा गुलाबी मास्क तिच्या पर्समध्ये होता आणि तो मी पाहिला होता.

मच्छरदाणीत मी तिला हळूच म्हटलं, "उद्या तुझ्या हातात दोन मतं आहेत."

ती म्हणाली, "हं."

"त्यांना कुठं दिसतंय?"

ती काही बोलली नाही. मला वाटलं, विचार करतेय. म्हणून मी पुढे गेलो. सातचा एक कमी, दहाचा एक जास्त, म्हणजे फरक दोनाचा, असा हिशोबसुद्धा मांडला. सात नंबर मार्कोसचा, दहा रोब्रेदोंचा. आणि शेवटी, देवाशप्पथ सांगतो, मी म्हणालो, "त्या 11,103 माणसांसाठी." मला तेव्हा स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

तिने उठून दिवा लावला. मच्छरदाणीबाहेर उभी राहून माझ्याकडे बघत म्हणाली, "तू इथं बिसिता आहेस." बिसिता म्हणजे पाहुणा. मग नानांगच्या खोलीत जाऊन झोपली.

सकाळी मी दोघांना ट्रायसिकलने, म्हणजे इथल्या रिक्षाने, शाळेपाशी सोडलं. मला आत जाण्याचं कारण नव्हतं, मी परदेशी. रस्त्यापलीकडे झाडाखाली उभा राहिलो. यंत्र अडकलं होतं, रांग फाटकाबाहेर आलेली. जवळजवळ दोन तासांनी ती दोघं बाहेर आली. तिने त्यांचं कोपर धरलेलं, दोघांच्या तर्जनीला शाई. तिने मला विचारलं, पाणी आहे का. ते तातांगना दिलं. पुढचे तीन दिवस ती माझ्याशी एवढंच बोलली: पाणी, पिशवी, बसचं तिकीट.

आत काय झालं ते तिने परतीच्या बसमध्ये सांगितलं. शपथेच्या कागदावर सही केली. तातांग कानाशी येऊन "पितो" म्हणाले, सात. तिने सातचा लंबगोल भरला. कडा सुटू नयेत म्हणून दोनदा फिरवला. कागद यंत्राने घेतला, पावती आली. पावतीवर नावं छापून येतात, ती तिथल्याच पेटीत टाकायची, बाहेर न्यायची नाही. टाकण्याआधी तिने ती त्यांना सगळी वाचून दाखवली, दबक्या आवाजात, एकेक नाव. त्यांनी मागितली नव्हती. ती म्हणाली, "ते ऐकत होते, पण त्यांना गरज नव्हती. वाचायची गरज मला होती, तुझ्यामुळे." मग ती स्वतःच्या मतपत्रिकेकडे वळली. "त्यांचा सात मी जितका नीट भरला तितका माझा दहा नीट नाही भरला. हात थरथरत होता."

निकाल तुम्हाला माहीत आहे. देशभरात 3 कोटी 16 लाख विरुद्ध दीड कोटी. तुम्ही जी गोष्ट मागता ती इथं संपते. मला छळते ती याच्या थोडी आधीची.

9 तारखेच्या रात्री केंद्राच्या दारावर मोजणीचा कागद लागला. आमच्या केंद्रावर रोब्रेदोंना अकरा मतं. गावात अकरा म्हणजे काय, हे तुम्हाला कळेल. आकडा नव्हे, यादी. बाकावर बसून म्हाताऱ्यांनी ती अर्ध्या तासात पूर्ण केली. शाळेतल्या दोन बाई. सेमिनरीतला मुलगा. सुट्टीवर आलेली नर्स आणि तिचा नवरा. असं करत करत दहा झाले. अकरावं कोणाला सापडेना. तातांग घरी आले, जेवायला बसले आणि पिनाकबेतचं भांडं बायकोकडे सरकवत म्हणाले, "अकरावं आमच्या घरात जेवतंय." बस, इतकंच. तिने कारली बाजूला काढून भाजी वाढून घेतली. नानांगने विषय बदलला.

माझं ऐकलं असतं तर त्या कागदावर बारा असते. म्हाताऱ्यांना बारावं नाव कधीच सापडलं नसतं, आणि तातांगनी आयुष्यभर ते शोधलं असतं. शेजाऱ्यांत.

त्यांचे डोळे 2023 मध्ये झाले. 2025 ला मधल्या निवडणुकीत त्यांनी स्वतःचं मत स्वतः भरलं, चष्मा लावून, कोणाला ते सांगितलं नाही. वीस पेसोच्या तांदळाचं म्हणाल तर शेतीखातं पहिलं सव्वा वर्ष राष्ट्राध्यक्षांनी स्वतःकडेच ठेवलं, आणि 2024 मध्ये बाजारात तांदूळ पन्नाशीच्या वर गेला. "आता पस्तावले का?" हा तुमचा पुढचा प्रश्न. मी एकदा विचारलं. ते म्हणाले, भाताला भाव बरा आला.

मी त्यांच्याशी सहमत झालेलो नाही. ते 11,103 अजून माझ्या डोक्यात आहेत आणि त्यांच्या उघड्या दाराला माझ्याकडे आजही उत्तर नाही. मच्छरदाणीतलं माझं बोलणं चूक होतं, हे मान्य. पण 2016 सारखी अटीतटीची निवडणूक असती तर? तेव्हाही गप्प बसलो असतो का, असं स्वतःला विचारतो. हो म्हणायचं धाडस होत नाही.

परवा आईच्या मैत्रिणीने कॉलवर परत तेच विचारलं. बायकोला आता तेवढं मराठी कळतं. ती कॅमेऱ्यापुढे वाकून हसत म्हणाली, "काकू, त्यांचं मत मीच भरलं." काकू एकदम गप्प. बायको माझ्याकडे बघत राहिली, तसा मी चार्जर शोधायला उठलो.