ग्रुप क्लासेसची ट्रायल चालू आहे: आतापर्यंत कुठे पोचले

मंडळी, हा लॉग लिहायचा बरेच दिवस राहून जात होता, आज बसून एकदाच सगळं टाकते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, मला ट्रेडमिलवर एकटीने चालायचा भयंकर कंटाळा येतो, म्हणून ठरवलं की मिळतील तेवढे ग्रुप क्लास करून बघायचे आणि मग जो पटेल तो धरायचा. फिटनेस म्हणाल तर सुरुवात जवळजवळ शून्यातून, दोन जिने चढले की धाप. आतापर्यंत झुंबा, स्टेप, स्पिन (जागेवरच्या सायकलवरचा), बारबेलवाला क्लास (वजनाच्या प्लेटा लावलेली दांडी उचलायचा), मॅट पिलाटेस आणि तबाटा एवढं झालंय, काही एकदाच, काही परत परत.

आधी माझं एक मत झालंय ते सांगते म्हणजे पुढचं वाचायला बरं पडेल. नवीन माणूस नेहमी विचारतो सोपा क्लास कुठला, आणि त्याला उत्तर मिळतं की इन्स्ट्रक्टरवर आहे, जे खरं आहे पण त्याने काही कळत नाही. मी आता वेगळं बघते. क्लास चालू असताना कुणाला न विचारता, मधेच न थांबता, मला तो माझ्यापुरता हलका करता येतो का? म्हणजे नॉब माझ्या हातात आहे का? आहे तर कितीही दमवणारा क्लास असू दे मी टिकते, आणि नसेल तर साध्यातला साधा क्लासही अर्ध्यावर नकोसा होतो.

स्टेप घ्या. मला सगळ्यात जड गेला तो हाच आणि सगळ्यात जास्त मजाही यातच येतेय. लाकडी किंवा प्लास्टिकचा तो प्लॅटफॉर्म, नुसता १० सेंटीमीटरच्या आसपास उंच, खाली रायझर (उंची वाढवणारे ठोकळे) लावले की १५, अजून लावले की २०. जिन मिलर नावाच्या एरोबिक्स शिकवणाऱ्या बाईंनी गुडघा दुखावल्यावर पायरीवर चढ-उतार करून तो परत मजबूत केला आणि त्यातून १९८०च्या दशकाच्या शेवटी हा प्रकार जन्माला आला, म्हणजे मुळात हा दुखऱ्या गुडघ्याचा व्यायाम. पण चढ-उतार हा त्यातला सोपा भाग. खरी भानगड आहे मोजणीची. आठ काउंटचे चार तुकडे मिळून बत्तीसचा एक ब्लॉक, तो आधी उजव्या पायाने, मग तोच्या तोच डाव्याने. बेसिक स्टेपमध्ये वर-वर-खाली-खाली झालं की पुढची स्टेप परत त्याच पायाने सुरू होते. पण नी लिफ्ट केली, म्हणजे एक पाय वर ठेवून दुसऱ्याचा गुडघा उचलला, की आपोआप दुसरा पाय पुढे येतो. हे डोक्यात बसेपर्यंत सगळ्या हॉलच्या उलट दिशेला आपण असतो. एकदा कळलं की गुडघा उचलला की पाय बदलतो, नुसतं वर-खाली केलं की बदलत नाही, मग चेहरा जरा कमी रडका होतो.

आणि इथे नॉब जवळपास नाहीच. गाण्याचा वेग ठरलेला, सगळे एकत्र समेवर येणार, तुम्ही चार काउंट मागे राहिलात की पुढच्या बत्तीसपर्यंत लटकलात. दोनच पळवाटा मला सापडल्यात. एक, हात पूर्ण सोडून द्यायचे, फक्त पाय करायचे (हात बंद केले की धापही पटकन कमी होते, करून बघा). दुसरी, गोंधळ झाला की जागच्या जागी मार्च करत राहायचं आणि पुढच्या 'एक'ला परत शिरायचं. इन्स्ट्रक्टर साधारण चार काउंट आधी पुढची स्टेप ओरडते, तेव्हा कान तिच्याकडे आणि डोळे तिच्या पायांकडे, शेजारणीकडे बघायचं नाही कारण तीही आपल्याकडेच बघत असते.

झुंबात उलटं आहे. तिथे बोलणं फार कमी, हाताने खुणा करतात आणि बाकी तुम्ही बघून करायचं. पहिल्यांदा मला वाटलं आपल्याला काही झेपणार नाही, मग लक्षात आलं की स्टेप गाण्याला चिकटवलेल्या आहेत, कोरस परत आला की तीच स्टेप परत येते. म्हणजे कोरस तेवढा पकडायचा, मधल्या कडव्यात काहीही करा. ताल मुख्य चारच, मेरेंगे, साल्सा, कुंबिया आणि रेगेटॉन. मेरेंगे म्हणजे कंबर हलवत मार्च, ते कुणालाही जमतं. साल्सात तीन पावलं आणि चौथ्याला थांबा, आणि नेमकं ते थांबणंच पायांना जमत नाही. १९९०च्या दशकात कोलंबियातल्या कालीमध्ये बेटो पेरेझ या इन्स्ट्रक्टरने एरोबिक्सची टेप विसरली म्हणून स्वतःकडची लॅटिन गाणी लावून क्लास घेतला, ही गोष्ट बहुतेकांनी ऐकली असेल. मला त्यात आवडतं ते हे की या क्लासचा पायाच आयत्या वेळी जमवून घेण्यावर आहे, त्यामुळे तुम्ही उडी मारायच्या जागी नुसतं पाऊल टाकलंत तर कुणाचं काही बिघडत नाही. थोडा का होईना, नॉब आहे.

उभं कुठे राहायचं यावर एक सांगते. सगळे नवीन लोक मागच्या रांगेत जातात, मग कोरिओग्राफीत एक वळण येतं, अख्खा क्लास मागच्या भिंतीकडे तोंड करतो आणि तुम्ही अचानक सगळ्यात पुढे, समोर बघायला कुणीच नाही. दुसरी किंवा तिसरी रांग, जरा कडेला, ही जागा बेस्ट. आणि शेजारी आपल्यापेक्षा थोडं बरं करणारं कुणीतरी असावं, एकदम चॅम्पियन नको. हे नुसतं माझं मत नाही, १९२०च्या दशकात ओटो कोलर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने बर्लिनच्या एका रोइंग क्लबातल्या लोकांवर प्रयोग केले होते, त्यात दुबळा गडी एकट्याने जेवढा टिकायचा त्यापेक्षा जोडीत जास्त टिकला, आणि दोघांच्या ताकदीत फरक मध्यम असताना हे सगळ्यात ठळक दिसलं. फरक फारच असेल तर माणूस सोडून देतो, नसेलच तर जोर लावत नाही. मला ट्रेडमिलवर जे जमत नाही ते इथे का जमतं याचं उत्तर बहुतेक यातच आहे.

आता स्पिन. इथे नॉब शब्दशः तुमच्या हातात, हँडलच्या खाली, लाल किंवा काळा, फिरवला की पेडल जड किंवा हलकं होतं. इन्स्ट्रक्टर म्हणतो एक टर्न वाढवा, तुम्ही अर्धा वाढवा, कुणाला कळतंय, अंधार असतो. म्हणून दम सगळ्यात जास्त लागूनसुद्धा मी नवीन माणसाला हाच क्लास आधी सांगेन, पण सायकल नीट लावून. सीटची उंची, बाजूला उभं राहिल्यावर कमरेच्या हाडाच्या लेव्हलला, आणि बसल्यावर पेडल सगळ्यात खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. सीट खाली ठेवली की सेफ वाटतं पण गुडघे बोंबलतात. पायाच्या बोटांमागचा रुंद भाग पेडलच्या मधोमध, बोटं नाहीत आणि कमानही नाही. सुरुवातीला हँडल उंच ठेवा, पाठ वाचते.

दुसरं, या सायकलला बाहेरच्या सायकलसारखं फ्रीव्हील नसतं. पुढचं जड चाक आणि पेडल एकमेकांना बांधलेले, त्यामुळे तुम्ही पाय थांबवलेत तरी चाक पाय फिरवतच राहतं. म्हणून थांबायचं असेल तर वेग हळूहळू उतरवायचा, आणि एकदम थांबायची वेळ आली तर बहुतेक सायकलींचा नॉब खाली दाबला की ब्रेक लागतो, क्लास सुरू व्हायच्या आधी एकदा दाबून बघा. रेझिस्टन्स, म्हणजे पेडलचा जडपणा, अगदी शून्यावर ठेवून भन्नाट पाय फिरवणं हे हलकं करणं नव्हे, त्यात सीटवर ढुंगण आपटतं आणि पायावर ताबा राहत नाही. सपाट रस्त्यासाठी मिनिटाला ८० ते ११० फेरे, चढासाठी ६० ते ८०, या हिशोबात राहिलं की बरं चालतं. सीटचं दुखणं पहिले काही क्लास राहतं, पॅडवाली शॉर्ट घेतली की बराच फरक पडतो.

एक गंभीर गोष्ट इथेच टाकते कारण कुणी सांगत नाही. अजिबात सवय नसताना पहिल्याच स्पिन क्लासला जीव तोडून पेडल मारलं की मांडीचे स्नायू इतके फुटू शकतात की त्यातली प्रथिनं रक्तात उतरून किडनीवर लोड येतो. त्याला ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात. क्वचित होतं, पण स्पिनच्या पहिल्या क्लासनंतर झाल्याच्या केसेस डॉक्टरांनी नोंदवलेल्या आहेत. नंतर एक-दोन दिवसांत मांड्या प्रचंड सुजल्या, दुखणं नेहमीपेक्षा फारच वेगळं वाटलं आणि लघवी कोलासारखी गडद झाली तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ हॉस्पिटल. म्हणून पहिल्या क्लासला अर्ध्या जोराने करा आणि मधे उतरलात तरी चालेल.

नेहमीचं अंग दुखणं मात्र वेगळं, ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाला जातं आणि मग उतरतं. त्याला लोक अजूनही लॅक्टिक ॲसिड म्हणतात, पण लॅक्टेट व्यायामानंतर तासाभरात रक्तातून निघून गेलेलं असतं, मग परवाचं दुखणं त्याच्यावर कसं ढकलणार. खरं कारण स्नायू ताणला जात असताना त्याच्यावर वजन पडणं, त्यात बारीक इजा होते. त्यामुळेच स्क्वॉट्सनंतर जिना चढण्यापेक्षा उतरताना जास्त बोंब होते, उतरताना मांडी लांब होत होत वजन धरत असते. स्टेपवरून खाली येतानाही तेच.

यावरून बारबेलवाला क्लास. न्यूझीलंडच्या लेस मिल्सचा बॉडीपंप हा यातला प्रसिद्ध, तसेच दुसऱ्या नावांनीही बरेच असतात. एक गाणं एक स्नायू: वॉर्मअप, मग स्क्वॉट, छाती, पाठ, ट्रायसेप्स, बायसेप्स, लंज, खांदे, पोट. वजन हलकं, रिपिटेशन ढीगभर. मी वॉर्मअपची प्लेट जवळजवळ पूर्ण क्लासभर तशीच ठेवते, फक्त स्क्वॉटला वाढवते आणि खांद्यांना अजून कमी करते. शेजारची बाई माझ्या दुप्पट उचलते, तिचं ती बघेल. 'तीन काउंट खाली, एक वर' असं सुरू झालं की पिसासारखी प्लेटसुद्धा कळ काढते, तेव्हा आधीच हुशारी करून जास्त लावू नका. नॉब पूर्ण तुमच्या हातात, फक्त तो गाणं सुरू व्हायच्या आधी फिरवायचा असतो, मधे प्लेट काढत बसलात तर अर्धं गाणं जातं.

तबाटाबद्दल मी जरा खवचट आहे. इझुमी तबाटा यांचा १९९६चा मूळ अभ्यास सायकलवर होता, २० सेकंद जीव खाऊन, १० सेकंद विश्रांती, असे सात-आठ राउंड, म्हणजे साधारण चार मिनिटांत खेळ खलास. जोर इतका की ऑक्सिजन घेण्याच्या कमाल क्षमतेच्या १७० टक्के. तो जोर खरंच लावलात तर पुढे पाऊण तास काय करणार? क्लासमध्ये असतं ते २०-१० च्या घड्याळावर चालणारं साधं सर्किट, चांगलं आहे, घाम निघतो, पण तबाटा नाव टाइमटेबलवर बघून घाबरायचं कारण नाही. बर्पीच्या (खाली वाकून, पाय झटकन मागे फेकून परत उडी मारत उठायचं) जागी पाय मागे टाकत चालत खाली-वर करायचं, उडी नाही मारायची, झालं.

पिलाटेस थोडक्यात, कारण अजून मला त्यातलं फार कळत नाही. जोसेफ पिलाटेस पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या नजरकैदेत असताना हे बसवत होता एवढं वाचलंय. 'हंड्रेड' नावाचा प्रकार आहे, पाठीवर झोपून डोकं आणि पाय उचलायचे आणि हात वर-खाली पंप करायचे, पाच काउंट श्वास आत, पाच बाहेर, असं दहा वेळा, बरोबर शंभर. बघायला काहीच नाही आणि चाळिसाव्याला पोट थरथरतं. मान दुखायला लागली तर डोकं खाली ठेवायचं, पाय जड झाले तर गुडघे वाकवायचे, इन्स्ट्रक्टर स्वतःच सांगतात. उड्या नाहीत, आवाज नाही, लाजऱ्या लोकांना चांगला.

प्रगती कशी मोजतेय असं कुणीतरी विचारेलच. घड्याळातल्या हार्ट रेटवर मी फार जात नाही, २२० वजा वय हे सूत्र एकेका माणसाला दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतं. मी बोलून बघते. पूर्ण वाक्य बोलता येतंय म्हणजे मध्यम, दोन-तीन शब्दांवर धाप लागली म्हणजे जोरात. स्पिनमध्ये जिथे आधी नुसतं 'हं' निघायचं तिथे आता शेजारणीला 'अजून किती राहिलंय' एवढं विचारता येतं. स्टेपला बत्तीसचा ब्लॉक दोन्ही पायांनी न थांबता होतोय, निदान जेव्हा मधे गोल फिरायचं नसतं तेव्हा. जिन्याची धाप अजून आहे, पण उशिरा लागते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या गाइडलाइनमध्ये आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा व्यायाम, शिवाय दोन किंवा जास्त दिवस स्नायूंचं काम असं आहे. तर सध्याचं गणित असं बसवलंय: स्पिन आणि स्टेप दमासाठी, बारबेल दोनदा, पण लागोपाठच्या दिवशी नाही. झुंबा मूड असेल तर. तबाटाला सध्या रामराम. पुढे ॲक्वा (पाण्यातलं) एरोबिक्स आणि रिफॉर्मर (स्प्रिंगवाल्या मशीनवरचं) पिलाटेस करून बघायचंय. ॲक्वात पाण्याला जेवढ्या जोरात ढकलाल तेवढंच ते उलट ढकलतं, म्हणजे नॉब अंगभर पसरलेला, आणि रिफॉर्मरला तर स्प्रिंगा बदलूनच वजन ठरतं. ॲक्वा केलेलं कुणी असेल तर एवढं सांगा, पाण्यात शूज घालायचे की अनवाणी चालतं, मी दोन्ही ऐकलंय.