फेब्रुवारीतलं मालदीव डायव्हिंग: शार्क पूर्वेला, मांटा पश्चिमेला

मालदीवमध्ये काय दिसणार ते वाऱ्यावर ठरतं. डिसेंबर ते एप्रिल ईशान्य मोसमी वारे असतात आणि पाणी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतं. बाहेरचं स्वच्छ पाणी पूर्वेकडच्या खिंडींतून, म्हणजे कंदूंतून, अटॉलच्या, म्हणजे प्रवाळबेटांच्या कड्याच्या, आत येतं. शार्क त्याच तोंडांशी जमतात. प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, पश्चिमेकडे वाहून जातं आणि ते खाणारे मांटा, म्हणजे पंखांसारख्या परांचे मोठे रे मासे, तिकडे. मे ते नोव्हेंबर सगळं उलटं. म्हणून आठवड्याच्या बोटीचा मार्ग माले–वावू–दक्षिण अरी–फेस्धू–माले असा असेल तर फेब्रुवारीत दोन्ही पदरात पडतात. मांटांच्या झुंडींसाठी प्रसिद्ध असलेलं हनिफारू या मोसमात नको. शिवाय तिथे स्कूबाला बंदी आहे, फक्त स्नॉर्केल, म्हणजे नळीने श्वास घेत पाण्यावरूनच बघणं.

वावू अटॉलमधले कंदू हा या मार्गाचा खरा गाभा. गाइड आधी एकटा उतरून प्रवाह बघतो. पाणी आत येत असेल तरच मजा. बाहेर जात असेल तर गढूळ दिसतं आणि तुम्ही खुल्या समुद्राकडे ढकलले जाता. पाण्यावर जमून मग सावकाश उतरायची मालवणची सवय इथे सोडा. बीसीडी, म्हणजे हवा भरून तरंगायचं जॅकेट, पूर्ण रिकामी, उडी, आणि कान मोकळे करत थेट खाली. वर दोन मिनिटं रेंगाळलात की कंदूचं तोंड मागे पडलंच म्हणून समजा.

कंदूच्या तोंडाची कड बऱ्याचदा 25 ते 30 मीटरवर असते आणि मालदीवची कायदेशीर मर्यादा 30 मीटर. रीफ हुक, म्हणजे प्रवाहात एका जागी थांबायचा दोरीचा आकडा, मेलेल्या खडकातच अडकवा, दोरीचं दुसरं टोक बीसीडीच्या पुढच्या कडीला. मग थोडी हवा भरा, म्हणजे प्रवाळावर न घासता पतंगासारखे तरंगाल. सुटताना आधी ती हवा काढा, मगच हुक. क्रम चुकला की माणूस सरळ वर. मान झटकन आडवी वळवू नका, मास्कमध्ये पाणी शिरतं आणि तोंडातला श्वासाचा रेग्युलेटर आपोआप फुसफुसू लागतो. ग्रे रीफ शार्क आपणहून जवळ येतात. पाठलाग केलात तर ते निघून जातात आणि तुमची हवाही संपते.

नायट्रॉक्सचे, म्हणजे जादा ऑक्सिजनच्या हवेचे, पैसे वाचवू नका. 30 मीटरला साध्या हवेवर डाइव्ह टेबलप्रमाणे फार तर 20 मिनिटं राहता येतं, 32 टक्के ऑक्सिजनवर 30. टाकीतला दाब 100 बार झाला की गाइडला खूण करा, 50 बार राखून पाण्यावर या. वर येताना थांबायचं त्या सेफ्टी स्टॉपलाच एसएमबी, म्हणजे खुणेचा फुगा, वर सोडा. लाटांत नुसतं डोकं धोणीवाल्याला, म्हणजे तुम्हाला उचलायला येणाऱ्या होडीवाल्याला, दिसत नाही.

वावूतल्याच अलीमठाचा नर्स शार्कचा नाइट डाइव्ह गर्दीचा. शार्क खाण्याला सोकावलेले आहेत, तेव्हा हात छातीशी.

अरीच्या पश्चिम कडेला रंगाली मडीवारूला मांटा अंग साफ करून घ्यायला येतात. प्रवाळाच्या बाजूला खाली थांबा, त्यांच्या वाटेत शिरू नका आणि पोटाखाली बुडबुडे सोडू नका. एकाने उतावीळपणा केला की सगळ्यांचा डाइव्ह गेला. फेस्धूला रात्री बोटीचे दिवे प्लवक ओढतात आणि त्यामागे मांटा. ममिगिली–धिगुराच्या बाहेरच्या बाजूला व्हेल शार्क मिळाला तर बहुधा स्नॉर्केलवरच. अंतर 3 ते 4 मीटर, शेपटीपासून जास्त.

डॉल्फिन पाण्याखाली भेटतील या भरवशावर जाऊ नका. स्पिनर डॉल्फिन सकाळ-संध्याकाळ कंदूंतून ये-जा करतात, ते डेकवरूनच छान दिसतात.

तारकर्लीला प्रशिक्षकाचा हात धरून केलेला डाइव्ह इथे पुरत नाही. अ‍ॅडव्हान्स्ड सर्टिफिकेट हवंच. प्रवाहातल्या मार्गांसाठी बऱ्याच बोटी 50 नोंदलेले डाइव्ह मागतात. पाणी 27 ते 30 अंश, 3 मिलिमीटरचा सूट पुरतो. तुमचा रेग्युलेटर डिन, म्हणजे टाकीत पिळून बसवायचा, असेल तर अ‍ॅडॅप्टर घ्या. भारतीयांना व्हिसा पोचल्यावर फुकट मिळतो, पण इमुगा हा ऑनलाइन प्रवासी फॉर्म प्रवासाआधीच्या 96 तासांत भरायचा. मुंबईच्या ड्यूटी फ्रीची बाटली मालेला विमानतळावरच काढून घेतात. शेवटचा डाइव्ह आणि परतीचं विमान यांत निदान 18 तास ठेवा; पहाटेचं तिकीट काढलं तर आदला दिवस सकाळनंतर कोरडा जातो.