बंद घराची किल्ली माझ्याकडे होती

गणेश चवथीला 18 दिवस होते. दरवर्षीसारखं शेजारचं दिराचं घर झाडून घ्यायला गेले. दीर मुंबईला असतो, घर वर्षभर बंद, किल्ली माझ्याकडे. पुढचं दार जसंच्या तसं होतं. ओटी ठीक, देवखोली ठीक. न्हाणीत गेले आणि पाय तिथेच अडले. चुलीवर बांधून घेतलेलं, आंघोळीचं पाणी तापवायचं तांब्याचं भाण जागेवर नव्हतं. भोवतीचे चिरे फोडून उपसून नेलं होतं. मागच्या दाराचा कोयंडा उचकटलेला. गणपतीपुढे लागणाऱ्या दोन पितळी समया, कळशा, गॅसचा सिलिंडर, सगळं गेलेलं.

ते भाण माझ्या सासूबाईंच्या सासूचं. चवथीला पंधरा-वीस माणसांच्या आंघोळी त्यातल्या पाण्याने व्हायच्या. एकट्याला हलणारं भांडं नव्हे ते. कुणीतरी सावकाश, बेताने काढलं, आणि भिंतीपलीकडे राहणाऱ्या मला काही कळलं नाही. पावसाचा आवाज होता हे खरं. पण किल्ली माझ्याकडे होती हेही खरं, आणि ते मला अजून झोपू देत नाही.

दिराला फोन केला. तो म्हणाला, "वयनी, सोड. चवथीच्या तोंडार पोलिसांक घरांत हाडूं नाका." म्हणजे चवथीच्या तोंडावर पोलिसांना घरात आणू नको. मी दोन दिवस गप्प राहिले. त्या दोन दिवसांत आळीत जे ऐकलं त्यामुळे हे लिहिते आहे.

आम्ही गोव्यात म्हापशाला, खोर्लीत राहतो. आमच्या आळीतली निम्मी घरं बंद असतात. मुलं मुंबई, आखात, लंडन. भाणाची गोष्ट कळल्यावर एकेक जण बोलू लागला. कोपऱ्यावरच्या काकींची पाण्याची मोटर मेमध्ये गेली होती. समोरच्यांच्या बंद घरातले नळ आणि तांब्याची वायर गेली होती. आणखी एकांच्या मागीलदारचा सिलिंडर. एका पावसाळ्याच्या आगेमागे चार घरं, आणि पोलिसांत तक्रार एकाचीही नाही. प्रत्येकाला वाटलं, एवढ्यासाठी कशाला.

मी 28 वर्षं हायस्कुलात गणित शिकवलं. त्यामुळे गुन्ह्यांचे आकडे छापून आले की मी आधी छेद बघते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा दर म्हणजे 1 लाख लोकसंख्येमागे नोंदलेले गुन्हे. गोव्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 14.58 लाख होती. 2021 ची जनगणना झालीच नाही, म्हणून आता छेदात अंदाजाने काढलेली लोकसंख्या असते. शिवाय वर्षाला सुमारे 1 कोटी पर्यटक इथे येतात. ते लुबाडले गेले किंवा त्यांनी कुणाला लुबाडलं तर गुन्हा अंशात धरला जातो, पण ते स्वतः छेदात नसतात. प्रत्येक जण सरासरी 4 दिवस राहतो असं धरलं, तरी रोज लाखभर माणसं वाढीव. एका एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असले तर मोजणीत त्यातला सर्वांत गंभीर तेवढाच धरतात, ही आणखी एक गोष्ट.

हे सगळं मला पाठ होतं. पण अंशाकडे मी कधी नीट पाहिलं नव्हतं. "नोंदलेले" हा शब्द तिथे आहे. आमच्या आळीतल्या चार चोऱ्या त्या आकड्यात शून्य होत्या. कागदावर आमची आळी अगदी सुरक्षित. मग रात्रीच्या गस्तीत आमच्या वळणावर जीप कशासाठी येईल?

पेपरात देवळाची फंडपेटी फोडल्याच्या बातम्या सारख्या येतात आणि आपण म्हणतो, आता देवालाही सोडत नाहीत. देवळाची चोरी मोठी बातमी होते हे आहेच. पण देवस्थान समिती दुसऱ्या दिवशी सकाळी तक्रार देते, हेही कारण आहे. बोडगेश्वर आमचा राखणदार. रात्री दांडा घेऊन तो म्हापशाची राखण करतो ही माझी श्रद्धा आहे, जत्रेला मी कधी चुकले नाही. तरी तक्रार त्याने जाऊन द्यावी अशी अपेक्षा मी करू शकत नाही.

आता जे मला सर्वांत लागलं ते. भाण गेल्याचं कळताच तीन जणांनी एकच वाक्य म्हटलं, "ते भायलेच," म्हणजे बाहेरचेच. बोट होतं आळीच्या टोकाच्या भाड्याच्या खोल्यांकडे. तिथे बांधकामावर जाणारी कुटुंबं राहतात. त्यातली एक मुलगी संध्याकाळी माझ्याकडे अपूर्णांक शिकायला येते. मी तिच्या आईला भेटले. तिचाही सिलिंडर गेला होता, जूनमध्ये, आमच्या चोऱ्यांच्याच सुमारास. तिने तक्रार का दिली नाही? घरमालकाने भाडेकरूंची माहिती पोलिसांना दिलेलीच नव्हती, आणि ठाण्यावर गेलो तर खोली सोडायला लागेल ही तिला भीती. भाडेकरूंचा फॉर्म भरून देणं हे मालकाचं काम. तो भाडं घेतो, फॉर्म देत नाही, आणि चोरी झाली की संशय तिच्यावर.

तिसऱ्या दिवशी दिराला पुन्हा फोन केला आणि तक्रार देतेय असं सांगितलं. ठाण्यावर दीड तास गेला. संध्याकाळी येऊन त्यांनी पंचनामा केला, न्हाणीतल्या खळग्याचं माप घेतलं. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्यावी. 1 जुलै 2024 पासून नवे कायदे आहेत: राहत्या घरातली चोरी भारतीय न्याय संहितेच्या कलम 305 मध्ये येते, शिक्षा 7 वर्षांपर्यंत. तक्रार ऑनलाइन पाठवली तर 3 दिवसांत जाऊन सही करावी लागते. ठाण्यात घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी, पोस्टाने पाठवता येते. घरातल्या चोरीसारख्या दखलपात्र गुन्ह्यात एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 सालीच सांगून ठेवलं आहे.

कोपऱ्यावरच्या काकी मोटरचं बिल शोधताहेत. खोल्यांच्या मालकाकडे मी दोनदा जाऊन आले, दुसऱ्या खेपेला फॉर्म घेऊनच गेले. त्याने पाच कुटुंबांपैकी तिघांचे भरले आहेत. उरलेल्या दोघांसाठी सोमवारी परत जाणार.

दीर शनिवारी येतोय. गवंड्याला बोलावून न्हाणीतला खळगा बुजवून घेऊ का, म्हणून विचारत होता. मी नको म्हटलं. भाण परत मिळालं तर तिथेच बसवायचं आहे.