तुम्ही विचारलंत म्हणून: तिची आई कुठे आहे?

"आंडेरनी माय कोठे शे, भाऊ?"

रिक्षात, लग्नाच्या पंगतीत, शाळेच्या फाटकापाशी. आमच्या खान्देशात हे विचारायला ओळख लागत नाही. एकटा बाप आणि बरोबर पोरगी दिसली की पुरे. ज्यांना माझं सगळं ठाऊक आहे, म्हणजे लग्न, घटस्फोट, मुंबईचं ऑपरेशन, हार्मोनची इंजेक्शनं, ते तेच जरा घोळवून विचारतात: "मग तू तिचा नक्की कोण?"

बाप. ती मला पप्पा म्हणते. आणि तिला जन्म मीच दिलाय. यात न समजण्यासारखं काय आहे, हे मला खरंच कळत नाही. (कळतं. पण दहा वर्षं उत्तरं देऊन माणूस खोटं बोलायला लागतो.)

मराठीचीही थोडी अडचण आहे. "मी आलो", "मी जेवलो" हे मी कधीच सहज बोलायला लागलो. पण "मी बाळंत झालो" हे वाक्य व्याकरणात बसत असलं तरी आमच्या गावात कुणाच्या तोंडून कधी निघालं नसेल. २०१४ च्या उन्हाळ्यात जळगावच्या दवाखान्यात जे घडलं, ते सांगताना मी अजून "तिचा जन्म झाला" असं म्हणून निसटतो. अकरा महिने अंगावर पाजली, तेही निसटूनच सांगतो.

कागदांचं म्हणाल, तर २०१९ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांचे दोन दाखले घेतले. आधी "ट्रान्सजेंडर", मग ऑपरेशननंतर "पुरुष". आधार बदललं. पोरीचा जन्मदाखला आहे तसाच आहे: आईच्या रकान्यात माझं जुनं नाव, वडिलांच्या रकान्यात ज्याचा पाच वर्षांत फोन नाही त्याचं. केरळातल्या त्या जोडप्याची बातमी मला निदान वीस जणांनी पाठवली असेल. २०२३ मध्ये तिथल्या ट्रान्स बापानं बाळाला जन्म दिला आणि २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं दाखल्यावर आई-वडिलांऐवजी "पालक" लिहायला सांगितलं. चांगलं झालं. पण त्यांचं बाळ आलं तेव्हा बाप कोण हे त्यांना पक्कं माहीत होतं. माझी आली तेव्हा मलाच माहीत नव्हतं.

आता ती आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, सांगतो. तिच्यामुळे हे लिहायला बसलोय.

भुसावळला खोली भाड्यानं घेतली तेव्हा घरमालकीण मावशींनी पहिल्याच दिवशी तो प्रश्न विचारला. मी म्हणालो, "वारली." वर "काविळीनं" असंही जोडलं. कशाला जोडलं देव जाणे, पण आजाराचं नाव सांगितलं की लोक पुढचं विचारत नाहीत. पोरीलाही पढवलं: कुणी विचारलं तर वारली म्हणायचं. त्या वेळचा मी म्हणेल, दुसरं काय करणार होतास? आधीच्या दोन घरमालकांनी सामान बाहेर काढायला लावलं होतं. बरोबर आहे त्याचं. तरी त्याला मी माफ केलेलं नाही.

मावशी पारोळ्याकडच्या. आईविना पोर म्हणून त्यांचा तिच्यावर जीव. ताटात आधी तिला वाढायच्या.

२०२२ ची आखाजी. तुम्हाला माहीतच आहे, आपल्याकडे त्या दिवशी सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात. एके काळी मलाही न्यायला भाऊ यायचा. आता येणार तर कुणाला न्यायला येणार? आणि त्याच दिवशी पितरांची घागर भरतात. मावशींनी घागर मांडली, वर डांगर, सांजोऱ्या, आंबे. मग कुंकवाचं एकेक बोट उंबऱ्यावर उठवत नावं घेऊ लागल्या. सासरे, सासू, मालक, एक लहानपणी गेलेला मुलगा. नंतर पोरीला जवळ ओढलं, कोयरी तिच्यापुढे धरली. "तुन्हा मायना नावनं बोट लाव, बेटा."

पोर आठ वर्षांची. तिनं माझ्याकडे पाहिलं. माझं जुनं नाव घरात घ्यायचं नाही, हा आमचा नियम. तिनं तो कधी मोडला नव्हता. मी दारातच उभा होतो, हातात दुधाची पिशवी. "राहू द्या मावशी" एवढे तीन शब्द पुरले असते. मी म्हणालो नाही. मावशी रडत होत्या, मला वाटलं आत्ता काही बोललो तर खोली जाईल. खरंच तेच वाटलं, खोलीचं.

तिनं कुंकवात बोट बुडवलं, उंबऱ्यावर टेकवलं आणि माझं नाव घेतलं. स्पष्ट, शाळेत हजेरी घेतात तसं. मग हात जोडले.

रात्री गच्चीवर झोपलो होतो. मला वाटलं झोपली. अंधारातून म्हणाली, "पप्पा, नाव मी घेतलं ना. मग तू मरशील का?"

मी नाही म्हणालो. तिनं तीनदा विचारलं, मी तीनदा नाही म्हणालो. पहाटे खाली जाऊन ते बोट ओल्या फडक्यानं पुसलं. पाचातलं नेमकं तेवढंच. मावशींनी पाहिलं असणार. त्यांनी कधी विचारलं नाही, मी सांगितलं नाही, आणि वर्षभरानं आम्ही जळगावला आलो.

तेव्हापासून ठरवलं, खरं सांगायचं. इथे शेजारी, बाई, डबेवाली काकू, सगळ्यांना सांगितलं. काहींनी येणंजाणं बंद केलं, ते चालतं. "पाळी आल्यावर पोरीला कोण समजावणार?" असंही एकीनं विचारलं. अहो, अख्ख्या गल्लीतल्या बापांमध्ये त्या विषयातला जाणकार मीच आहे!

पण गेल्या उन्हाळ्यात तिच्या मैत्रिणीच्या आईनं विचारलं, मी सांगून मोकळा झालो, आणि पोर चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, "वारली म्हणताना मला विचारलं नव्हतंस. आताही विचारलं नाहीस."

याला माझ्याकडे उत्तर नाही. आता मी आधी तिच्याकडे बघतो. ती मान हलवते, किंवा हलवत नाही. हलवली नाही तर मी म्हणतो, "गावाला असते." म्हणजे पुन्हा खोटंच. फक्त या वेळी जिवंत ठेवतो.

हे लिहिलेलं तिला वाचून दाखवलं. "बाळंत झालो"ला खूप हसली. शाळेचं नाव काढायला लावलं, वर्गाची तुकडी काढायला लावली. उंबऱ्याचं पण काढ म्हणाली. तेवढं मी ऐकलं नाही.