आमची वाटचाल : बांधावरून धावपट्टीवर

धंदा सुरू झाला तो मोजणीचा. वाळूजला एक गाळा, मी, धाकटा भाऊ आणि हप्त्यावर घेतलेलं डीजीपीएस मशीन, म्हणजे उपग्रहावरून जागा अचूक मोजणारं यंत्र. बांधाच्या भांडणात 'साधारण इथं' चालत नाही; वीतभर सरकलं की माणूस अंगावर येतो.

मग एक दिवस विमान चालवायला शिकवणारे एक गृहस्थ आले. मुलानं सकाळी केलेलं उड्डाण संध्याकाळी सिम्युलेटरवर जसंच्या तसं दाखवायचं, म्हणजे चूक त्याची त्यालाच दिसेल. नोंद मोबाइलच्या जीपीएसची. पडद्यावर लावली तर विमान धावपट्टी सोडून गवतातून, आणि तेही जमिनीच्या पोटातून पळतंय!

पोटातून का, हे मोजणीवाल्याला लगेच कळतं. उपग्रहाची उंची पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासूनची, विमानतळाची समुद्रसपाटीपासूनची. आपल्या भागात दोन्हींत साठ-सत्तर मीटरचा फरक. तो मिळवला आणि विमान वर आलं.

गवताचं दुखणं मोठं होतं. आयनोस्फिअर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, उपग्रहाचा संदेश रेंगाळवतो आणि आपल्या अक्षांशांवर तो फार लहरी. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाची 'गगन' यंत्रणा चालू उड्डाणातच दुरुस्ती पुरवते. पण आमचं विमान तर उतरलेलं असतं, मग घाई कुणाला? विमानात दोन फ्रिक्वेन्सींचा रिसीव्हर बसवला, जमिनीवर बेस, म्हणजे जागा पक्की ठाऊक असलेला दुसरा रिसीव्हर, ठेवला आणि दोन्ही नोंदी रात्री निवांत सोडवायला लागलो, एकदा उड्डाणाच्या सुरुवातीकडून, एकदा शेवटाकडून. चूक मीटरांवरून सेंटिमीटरांवर आली.

तरी एका पावसाळ्यात सगळी उड्डाणं थोडी थोडी खाली दिसू लागली. आठवडाभर सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या. निघालं काय, तर बेसचा खांब काळ्या मातीत रोवलेला; माती फुगली, खांब उचलला गेला, आणि गणित त्याला जुन्याच उंचीवर धरून चाललेलं. ज्यांचा जन्म शेतात गेला त्यांनी ही चूक करावी! आता बेस खडकापर्यंत खोदलेल्या पायावर आहे.

शंभर नॉटला विमान सेकंदाला एक्कावन्न मीटर जातं, म्हणून सेकंदाला एक नोंद पुरत नाही. आम्ही दहा घेतो. विमान किती कललं ते मात्र उपग्रह सांगत नाही, त्यासाठी जायरो, म्हणजे वळणं मोजणारं यंत्र, वेगळा.

अडलंय ते रात्रीच्या उड्डाणांवर. मार्च-एप्रिलात अंधार पडला की त्याच आयनोस्फिअरमुळे संदेश थरथरतो, मध्येच तुटतो. तेवढ्या नोंदी सध्या आम्ही पैसे न घेता परत करतो.